मामाजी, मीठ आणि आयर्लंड

आमच्या मामाजींना भाजीतलं मीठ वासावरून कळायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे. जळगाव जामोदहून सातपुड्याकडे निघालं की थोड्याच अंतरावर आमचं गाव लागतं. तिथल्या मारुतीच्या भंडाऱ्यातली वांग्याची भाजी चाळीस वर्षं त्यांच्याच हातची असायची. चार माणसांनी उचलावी अशा कढईवर ते वाकायचे, उजव्या हाताचा पसा करून वाफ नाकाकडे ओढायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अर्धी मूठ कमी हाय." अर्धी मूठ पडायची. पुन्हा वाफ, पुन्हा डोळे मिटणं. "जमलं." एवढं बोलून ते गोवऱ्यांच्या विस्तवात पुरलेले कणकेचे रोडगे बघायला निघून जायचे.

चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. आधी मारुतीला नैवेद्य, मग माणसांच्या जिभा, हा गावाचा नियम होता आणि मामाजींनी तो घरातही लावला होता. वर त्याला स्वतःचं तत्त्वज्ञान जोडलं होतं. "जीभ लबाड असते," ते म्हणायचे. "भुकेली असली की तिले कायी बी चांगलं लागते. नाकाले भूक नसते, ते खरं सांगते." आणि जेवणाऱ्याला "कसं झालंय" असं त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. विचारणारा आचारी कच्चा, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी जानेफळची. आमच्याकडे आई तळहातावर आमटीचा थेंब घेऊन चाटायची आणि मीही तेच शिकले होते. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी वरणाचा थेंब असाच तळहातावर घेतला. मामाजी उठून ओसरीवर गेले. तिथून पाच मिनिटांनी आवाज आला, "सूनबाई, वरनात मीठ नाही." मी चाखलं होतं तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं आणि या माणसाला भिंतीपलीकडून कळलं. त्या दिवशी मला त्यांचा अस्सा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी हो-नाहीपुरतंच बोलले. सासूबाई तेव्हा होत्या. त्या हसत म्हणाल्या, "माहा तं जलम गेला ह्या नाकाखाली."

ते नाक कोरोनाने नेलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात वीस दिवस काढून मामाजी घरी आले तेव्हा त्यांना ना वास येत होता, ना चव. डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल हळूहळू. बाकीच्यांची आली, मामाजींची आली नाही. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मी आणि माझा नवरा संजय तेव्हा आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात होतो. फोनवर ते "बरा हाय" म्हणायचे आणि आम्ही खूश व्हायचो. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे घरात ओळखणारंही कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी हनुमान जयंतीचा भंडारा आला. मामाजींनी तो नुसत्या अंदाजावर रांधला. वाफ ओढली, डोळे मिटले, काहीच आलं नाही, तरी "जमलं" म्हणाले. पंगती उठल्या. कुणी चांगलं म्हणालं नाही, कुणी वाईट म्हणालं नाही. आणि विचारायची तर सवयच नव्हती. आपण गावाला काय खाऊ घातलं हेच या माणसाला माहीत नव्हतं आणि ते न माहीत असणं त्याला आतून खात होतं. पुढच्या भंडाऱ्याला उभं राहायचं कसं, आणि नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं, ही एकच धास्ती. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण माझ्यासारखं वेड्यात निघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आयर्लंडला या म्हणून आम्ही सहा वर्षं मागे लागलो होतो. कधी मका आडवा यायचा, कधी कपाशी, कधी म्हैस. आणि एका मार्चमध्ये त्यांचा स्वतःहून फोन आला, "तिकीट काढा." संजयला इतका आनंद झाला की त्याने ऑफिसात पेढे म्हणून तिथली चॉकलेटं वाटली. मला वाटलं, म्हातारपणी मुलाची ओढ लागली असेल. हनुमान जयंती तीन आठवड्यांवर आली आहे, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. भंडाऱ्याला पाठ दाखवून मामाजी सातासमुद्रापार पळून आले होते.

आल्यावर त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी, तीळ आणि ठेचा काढून ओट्यावर मांडला. मी त्यांच्या आवडीचं सगळं रांधलं. ते जेवले आणि म्हणाले, "शिजलं हाय चांगलं." दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर रोज "शिजलं हाय." मीठ कमी म्हणेनात, जास्त म्हणेनात. इतक्या वर्षांत मी त्या टोमण्यांची इतकी सवय करून घेतली होती की ते नाहीत म्हटल्यावर मला अपमान वाटू लागला. मी संजयला म्हटलं, "तुझ्या बाबांना माझ्या हातचं आवडत नाही. आता तर ते नावं ठेवायच्याही लायकीचं राहिलं नाही." संजयने त्यावर तोडगा काढला. ईस्टरच्या सुट्टीला आणखी चार दिवस जोडून गाडीने निघायचं आणि बाबांना सगळं आयर्लंड खायला घालायचं. जिथलं जे नाव काढण्यासारखं, ते तिथेच बसून खायचं. फक्त शाकाहारी, कारण मामाजींच्या गळ्यात माळ होती.

सुरुवात कॉर्कच्या जुन्या छपराखालच्या बाजारात झाली. एका दुकानदाराने काडीला टोचून चीजचा तुकडा मामाजींपुढे धरला. "आधी चाखायले देते अन् मंग इकते?" मामाजी मला म्हणाले. "सोताच्या मालावर भरोसा नाही काय याचा?" पण तुकडा त्यांनी घेतला. बराच वेळ चावला. "चिवट हाय," म्हणाले.

मग केरी परगणा. तिथे पाऊस आणि ऊन आळीपाळीने दिवसभर येत होते आणि गाई दोन्हींत सारख्याच शांतपणे चरत होत्या. जुन्या काळी लोण्याची पिंपं गाड्यांत घालून ज्या रस्त्यांनी कॉर्कच्या बाजारात नेत, त्यातल्याच एका रस्त्याने आम्ही गेलो. मामाजींना ते फार आवडलं. "आपल्या कापसाच्या गाड्या खामगावले जात होत्या तसंच हे," ते म्हणाले. शेतावरच्या एका खानावळीत ओटच्या जाड पोळीवर बोटभर जाडीचं पिवळंधमक लोणी आलं. मामाजींनी ते अंगठा आणि बोटात धरून चोळलं. "मऊ हाय. पटकन सुटते." पुढे क्लेअरमध्ये, जिथे मैलोन् मैल जमिनीला नुसता उघडा दगड आणि दगडाच्या भेगेत फुलं, तिथे समुद्रातलं शेवाळ दुधात उकळून लावलेली खरवसासारखी वडी मिळाली. संजयने धीर करून अर्धी खाल्ली. मामाजींनी दोन वड्या संपवल्या. "गार हाय. घसरते चांगली."

चिवट, मऊ, गार, घसरते. चार दिवसांत तीन परगणे पालथे घातले आणि या माणसाच्या तोंडून वासाचा एक शब्द आला नव्हता. भिंतीपलीकडून मीठ ओळखणारा माणूस. मला ते ऐकू यायला हवं होतं. पण मी माझ्या अपमानात इतकी गुंतले होते की मला वाटलं, पाहुणा म्हणून गोड बोलताहेत.

पाचव्या दिवशी आम्ही मेयोत नोराबाईंच्या घरी उतरलो. पंचाहत्तरीच्या, एकट्या, घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना देणाऱ्या. त्यांच्या चुलीत दलदलीतल्या मातीच्या वाळवलेल्या विटा जळत होत्या. मामाजींनी एक वीट उचलली, उलटसुलट पाहिली, मोडून आतले गवताचे धागे बघितले आणि खूश होऊन म्हणाले, "गोवरीच हाय हे. थापाचे कष्ट तेवढे वाचले." मी भाषांतर केलं. नोराबाईंना गोवरी समजावून सांगताना माझी थोडी पंचाईत झाली, पण त्या शेतकऱ्याच्याच घरातल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, गाय आतून करते ते इथे जमीन करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताकात भिजवलेल्या पिठाचा पाव भट्टीत ठेवला. कोंबड्यांकडे जाताना मामाजींना खुणेने सांगून गेल्या, लक्ष ठेवा. आम्ही वर आवरत होतो. करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला, पाठोपाठ छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागलं. मी धावत खाली आले. भट्टीच्या फटीतून निळसर धूर झिरपत होता. मामाजी भट्टीपासून दोन हातांवर, खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि मान वर करून त्या यंत्राकडे बघत होते. भट्टीकडे बघत नव्हते. ओरडतंय कशाला हे, असा त्यांचा चेहरा होता.

मी भट्टी बंद केली, खिडक्या उघडल्या. "ध्यान नव्हतं," मामाजी म्हणाले आणि मान खाली घातली. नोराबाई आल्या, त्यांनी कोळसा झालेला पाव पाहिला, सुरीने वरचं काळं तासून काढलं, आतल्या पांढऱ्याला लोणी लावलं आणि सगळ्यांना वाढलं. मग दुसरा पाव घातला. तो झाल्यावर त्यांनी तो हातावर उलटा घेतला, बुडाला बोटांनी टकटक केलं आणि मामाजींच्या कानाशी धरला. आत पोकळ वाजला की झाला, असं मला सांगायला लावलं. मामाजींनी तीन वेळा टकटक करून ऐकलं. मला तेव्हा कळेना, त्या साध्या आवाजाने या माणसाचे डोळे का भरून आलेत.

दुपारी संजय पेट्रोल भरायला गेला, तेव्हा नोराबाई मला आणि मामाजींना घरामागच्या टेकडीकडे घेऊन गेल्या. गवताखाली एकामागे एक उंचवटे दिसत होते, अगदी वरपर्यंत. "हे वाफे हायेत," मामाजी लगेच म्हणाले. "इतक्या चढावर कोनं केले? अन् पेरलं काऊन नाही?" नोराबाईंनी सांगितलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाट्यावर रोग पडला. माणसं बटाट्यावरच जगत होती. पुन्हा पुन्हा पीक सडलं. या उतारावरची निम्मी घरं उपासमारीने गेली, उरलेली जहाजात बसून गेली आणि ते वाफे मग कुणी उकरलेच नाहीत. त्यांच्या घरात आजीकडून आजीकडे एक गोष्ट आली होती. रोग पडला ते डोळ्यांना नंतर दिसलं. आधी रात्रीतून वास आला. खापरपणजी दारात उभी राहिली, हवा हुंगली आणि तिला कळलं.

मी हे जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मामाजी वाफ्यांकडे बघत म्हणाले, "मले नसतं समजलं, बाई."

"काय नसतं समजलं?"

"वास. मले वासच येत नाही. दवाखान्यातून आलो तवापासून. चव बी नाही. दोन वर्स झाले."

मी तिथेच गवतात बसले. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातचं वाईट नव्हतं. आणि लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी त्यांचा हात धरला. सासऱ्याचा हात धरायची आमच्याकडे रीत नाही. त्यांनीही सोडवून घेतला नाही.

"काऊन सांगितलं नाही मामाजी?"

"काय सांगू? अन् कोनाले?" ते म्हणाले. मग भंडाऱ्याचं सगळं बाहेर आलं, अंदाजाने रांधलेली भाजी, पंगतीतली ती चुप्पी आणि इथे पळून येणं. "मारुतीसमोर खोटं 'जमलं' म्हनलो," ते दोनदा म्हणाले. रात्री संजयलाही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मामाजींनी नोराबाईंकडून जाडं पीठ मागून घेतलं, गोळे केले आणि त्या मातीच्या विटांच्या निखाऱ्यात पुरले. तासाभराने एक रोडगा काढून राख झटकली, टकटक करून ऐकला आणि नोराबाईंच्या कानाशी धरला. बाईंनी मान डोलावली. तुपाऐवजी लोणी घालून आम्ही तो कुस्करून खाल्ला. मी म्हटलं, "चांगला भाजला मामाजी, खमंग वास आहे." "तू सांगते तं असंल," ते म्हणाले आणि हसले. आयर्लंडला आल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं.

पुढे लीट्रिममध्ये बॉक्स्टी खाल्ली. किसलेला बटाटा आणि कुस्करलेला बटाटा एकत्र भिजवून तव्यावर टाकलेलं धिरडं. आता मामाजींना गोड बोलायची गरज उरली नव्हती. "मले कायी समजून नाही राह्यलं," त्यांनी जाहीर केलं, "पन कडा कुरकुरीत हायेत. अजून एक सांग." तीन खाल्ली. लपवायचं काही राहिलं नाही म्हटल्यावर त्यांना भूक लागायला लागली. गाडीत परतताना मी हळूच विषय काढला, गावालाही सांगून टाका. ते म्हणाले, "गावाले सांगू? मंग मी गावात कोन राह्यलो?"

मे महिन्याच्या शेवटी माझ्या भावाचं लग्न होतं, म्हणून मामाजींना घेऊन मीच आले. जळगाव जामोदच्या स्टँडवरून ऑटोने गावात शिरलो तर मारुतीच्या पारावर चार-सहा जण बसलेलेच. दौलतकाका, मामाजींचे लहानपणापासूनचे मित्र, पुढे आले आणि म्हणाले, "आला बे नारायन? तू नव्हता म्हनून भंडारा थांबवून ठेवला. शनिवारी करू, मिरीग लागाच्या आधी, पाऊस याच्या आत."

मामाजी माझ्याकडे बघायला लागले. ज्याला भिऊन एवढ्या लांब पळाले, ते पारावर त्यांची वाट बघत बसलं होतं. मला वाटलं, आता कंबर दुखते म्हणतील. मी मनातल्या मनात मारुतीला हात जोडले. मामाजींनी पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"मले वास येत नाही, दौलत. कोरोनापासून. चव बी येत नाही. मागचा भंडारा मी अंदाजानं केल्ता. तुमाले सांगतलं नाही. चूक झाली."

दौलतकाका म्हणाले, "मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"मीठ दोनदा पडलं होतं. तू एकदा टाकलं, वास नाही आला, तं तुले वाटलं टाकलंच नाही. पुन्यांदा टाकलं. मी बाजूलेच उभा होतो ना बे."

मागून एक जण हसायला लागला. "माह्या घरचा रांजन त्या रोजी दिवस मावळाच्या आत रिकामा झाला."

"आमच्या बुढीनं तं एकटीनं अर्धी घागर पेली," दुसरा म्हणाला.

मामाजींचा चेहरा पांढरा पडला. "सारं गाव खारट जेवलं? अन् कोनी बोल्लं नाही?"

"परसादाले नावं ठेवाव काय?" दौलतकाका म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "अन् तुले काय सांगाव बे. तुह्या संगं गेले त्यातले तिघं दवाखान्यातून वापस आले नाही. तू आला. कढईवर उभा राह्यला. आमाले तेच गंज झालं, लय झालं. खारट तं खारट, तुह्या हातचं होतं."

मामाजी पाराच्या कडेला बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. पण ते दुःखाचं रडणं नव्हतं, हे मला लांबूनही कळत होतं. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड गावाने उचलून बाजूला केला होता, आणि तो दगड तिथे आहे हे गावाला पहिल्यापासून माहीत होतं. मी ऑटोवाल्याला थांबवून ठेवलंय हेही विसरले.

"भंडारा तूच करशील," दौलतकाका शेवटी म्हणाले. "तुहं नाक गेलं तं गेलं. आमचे हायेत ना."

शनिवारी कढईवर तीन नाकं उभी राहिली, दौलतकाकांचं, त्यांच्या मोठ्या मुलाचं आणि माझं. कढईजवळ बाई उभी राहण्याची आमच्या गावात ही पहिलीच वेळ. मामाजींनीच बोलावलं होतं. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "घाई करू नको. पयले धूर येईन, त्याले जाऊ दे. मंग तेल. मंग वांगं अन् लसून. ते सारं बाजूले सार. त्याच्या खाली जे राहते ते मीठ." मला धूर आला, तेल आलं, वांगंही आलं. त्याखाली काहीच येईना. मी पुन्हा पसा भरून वाफ ओढली. तिसऱ्या खेपेला अगदी तळाशी काहीतरी ओलसर, बारीक असं जाणवलं. मी म्हटलं, "आहे, पण कमी वाटतंय." दौलतकाका म्हणाले, "बरोबर हाय." त्यांचा मुलगा म्हणाला, "मले तं नुसता लसून येऊन राह्यला." मामाजींनी तिघांकडे पाहिलं आणि माझ्या सांगण्यावरून अर्धी मूठ टाकली.

नैवेद्य झाला, पंगती बसल्या. आणि मामाजी पंगतीतून फिरू लागले. प्रत्येक पत्रावळीपाशी वाकून विचारत होते, "मीठ कसं हाय?" चाळीस वर्षांत जो प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता, तो त्या दिवशी त्यांनी तीनशे वेळा तरी विचारला असेल. आणि गाव तर तोंड उघडायची वाटच बघत होतं. कुणी म्हणे कमी आहे, कुणी म्हणे जास्त. एका आजीबाईंनी मीठ सोडून तिखटाची तक्रार केली आणि तेलाची वेगळी. मामाजी सगळं ऐकून घेत पुढे सरकत होते. माझ्याकडे आले तेव्हा घामाने भिजले होते, पण चेहरा असा उजळलेला की मला सासूबाईंची फार आठवण झाली. "दहा जनांनी दहा सांगतले," ते म्हणाले. "चाळीस वर्स कोनाले विचारलं नाही तेच बरं केलं."

त्यांचा वास शेवटपर्यंत परत आला नाही. त्यांनी त्याची वाट बघणंही सोडून दिलं. मी कॉर्कला परतले आणि दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायला लागला, तो संजयला नव्हे, मला. "आज काय करून राह्यली?" मी भाजीचं नाव सांगायची. "वास सांग." पहिल्यांदा मी म्हटलं, चांगला येतोय. तर ओरडले, "चांगला म्हंजे काय? नीट सांग." मग मी फोन ओट्यावर उभा करून ठेवायला लागले आणि कढईवर वाकून, डोळे मिटून, जे जसं येईल तसं सांगायला लागले. मोहरी कच्ची असताना कशी, तडतडल्यावर कशी. लसूण पांढरा असेपर्यंत उग्र आणि कड लाल झाली की गोडसर. ते पलीकडून हूं हूं करायचे, मध्येच "आता टाक" म्हणायचे. इतकी वर्षं स्वयंपाक केला, पण वास घ्यायला मी त्या रविवारच्या दुपारींत शिकले, आणि तेही ज्याला वास येत नव्हता अशा माणसाकडून.

असे दोन भंडारे आणि पुष्कळ रविवार झाले. मागच्या थंडीत ते गेले, घरी, झोपेत, काही त्रास न होता. त्याच्या आधीच्या रविवारी मी भरली वांगी केली होती. त्यांचा आवाज थोडा थकलेला वाटला, म्हणून मी म्हटलं, आज राहू द्या, पडा तुम्ही. "सांग ना," ते म्हणाले. मी सांगितलं. तीळ भाजल्याचा, शेंगदाण्याचा, मसाला तेलात उतरताना येतो तो, वांग्याचं साल मऊ पडतं तेव्हाचा आणि सगळ्यांच्या खाली मिठाचा.

"बस बाई," मामाजी म्हणाले. "पोट भरलं."